स्वतःचा मेमरी पूल असलेला जुना सी कोड जीसीसी १४ वर न्यायचाय, एरर दाबू की मुळातून बदलू?

जुना_सीवाला

नमस्कार मंडळी, एक जुनी सी लायब्ररी माझ्याकडे सांभाळायला आली आहे. रेकॉर्ड वाचणं, त्यांची क्रमवारी लावणं, आकडेमोड करून परत फाइलमध्ये लिहिणं एवढंच तिचं काम, पण मेमरीचा सगळा कारभार तिने स्वतःच्या हातात ठेवलाय. म्हणजे मॅलॉककडून (सी मधलं मेमरी देणारं फंक्शन) ६४ केबीचे मोठे तुकडे घ्यायचे आणि त्यातून छोटे ब्लॉक आपणच वाटायचे, पूल_अ‍ॅलॉक, पूल_फ्री, पूल_रीअ‍ॅलॉक अशी फंक्शनं आहेत. कोड मुळात ३२ बिटसाठी लिहिलेला, नंतर कधीतरी कोणीतरी जीसीसी कंपाइलरच्या ४.८ व्हर्जनवर ६४ बिटचा बिल्ड केला आणि तो चालत होता, ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग मात्र त्यात कुठेच नव्हता.

आता नव्या मशीनवर जीसीसी १४ आहे आणि बिल्ड सुरू केला की एररचा पाऊस. मुख्यतः तीन प्रकार दिसतात. एक, फंक्शनचं इम्प्लिसिट डिक्लरेशन, म्हणजे आधी जाहीर न करताच फंक्शन वापरलंय. दोन, कास्ट न करता (टाइप बदलतोय हे स्पष्ट न लिहिता) इंटिजरमधून पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, बनवलाय. तीन, पॉइंटरचे टाइप जुळत नाहीत. हे सगळं पूर्वी वॉर्निंग म्हणून येत असणार आणि कोणी बघत नसणार. या शिवाय लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा) म्हणतो की पूल_डीबग नावाचं व्हेरिएबल प्रत्येक फाइलमध्ये वेगवेगळं डिफाइन झालंय.

मी या एरर पुन्हा वॉर्निंग करणारा -एफपर्मिसिव्ह लावून बघितलं, लिंकरची अडचण तात्पुरती दाबली, बिल्ड झाला, पण चालवल्या चालवल्या सेगमेंटेशन फॉल्ट. जीडीबी डीबगरमध्ये बघितलं तर पूल_अ‍ॅलॉकच्या आतून ५५५५५५५६००१० हा पत्ता परत जातोय आणि बाहेर रेकॉर्ड.सी मध्ये त्याच पॉइंटरची किंमत ५५५६००१० दिसते. मधल्या मधे कोण खातंय कळत नाही. टीममधला एक जण म्हणतो की जिथे जिथे एरर आहे तिथे कास्ट टाकत जाऊ, एका दिवसाचं काम आहे. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाहीये. ज्यांनी असा कोड पुढे आणलाय त्यांनी कुठून सुरुवात केली ते सांगा.

लिंकरशेजारी

तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे, कास्ट अजिबात टाकू नका. तुम्ही जीडीबीत जे बघितलंत त्यातच सगळं उत्तर आहे. ५५५५ ५५५६ ००१० मधले वरचे चार आकडे गेले आणि खालचे आठ राहिले, हेक्समध्ये आठ आकडे म्हणजे बरोबर ३२ बिट, म्हणजे एक इंट.

होतंय असं की रेकॉर्ड.सी मध्ये पूल_अ‍ॅलॉकचा प्रोटोटाइप, म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं हे सांगणारी ओळ, कुठेच नाही. सी८९ मध्ये नियम होता की फंक्शन माहीत नसेल तर ते इंट परत करतं असं धरून चाला. १९९९ च्या स्टँडर्डने हा नियम काढून टाकला, पण कंपाइलर मंडळींनी जुन्या कोडची काळजी म्हणून पुढची वीसहून जास्त वर्षं त्याला फक्त वॉर्निंग ठेवलं. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरच्या १६ व्हर्जनने मार्च २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने मे २०२४ मध्ये ते एरर केलं. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे, त्यामुळे काहीच बिघडायचं नाही. ६४ बिट लिनक्सवर इंट चारच राहिला आणि पॉइंटर आठचा झाला, कॉल करणाऱ्याला वाटतं की इंट येतोय, तो रजिस्टरचा खालचा अर्धा भाग घेतो आणि साइन एक्स्टेंड करून, म्हणजे त्याचा सगळ्यात वरचा बिट पुढच्या जागेत भरून, पॉइंटर बनवतो. खात्री करायची असेल तर जीडीबीत रेकॉर्ड.सी मधल्या त्या फंक्शनचं डिसअसेंब्ली काढा, पूल_अ‍ॅलॉकच्या कॉलच्या लगेच खाली सीएलटीक्यू नावाची इन्स्ट्रक्शन दिसेल. तीच तुमचे वरचे आकडे खाते. प्रोटोटाइप दिलात की ती गायब होईल.

आता कास्टचं. इंटिजरमधून पॉइंटर बनवल्याची जी एरर येते तिथे स्ट्रक्ट पॉइंटरचा कास्ट टाकला तर एररच्या जागी वेगळ्या साइजच्या इंटिजरमधून पॉइंटरमध्ये कास्ट केल्याची वॉर्निंग येईल. मग कोणीतरी तीही घालवायला मधे लाँगचा अजून एक कास्ट टाकेल आणि कंपाइलर पूर्ण गप्प होईल. पत्ता मात्र तेव्हाही तुटलेलाच असेल, कारण कास्ट होईपर्यंत वरचे ३२ बिट आधीच गेलेत. म्हणजे आज जी चूक कंपाइलर ओळ नंबरसकट दाखवतोय ती तुम्ही अशा ठिकाणी नेऊन ठेवणार जिथे ती फक्त क्रॅशमधून कळेल.

जुना ६४ बिटचा बिल्ड कसा चालत होता हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. तेव्हा एक्झिक्युटेबल पाय म्हणजे पोझिशन इंडिपेंडंट, कुठल्याही पत्त्यावर लोड होणारं, नसायचं, प्रोग्रॅम खालच्या पत्त्यावर लोड व्हायचा आणि मॅलॉकचं नेहमीचं हीप, म्हणजे तो जिथून मेमरी देतो ती जागा, त्याच्या जवळच सुरू व्हायचं, म्हणजे पत्ता ३१ बिटातच मावायचा. वरचे आकडे शून्यच असल्यामुळे ते कापले काय नि ठेवले काय, फरक पडत नव्हता. तुमचे तुकडे ६४ केबीचे आहेत हेही पथ्यावर पडलं, कारण जीलिबसीचा (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) मॅलॉक सुरुवातीला १२८ केबीच्या वरची मागणी एममॅपने, म्हणजे कर्नलकडून थेट वेगळी जागा घेऊन, पुरवतो आणि ते पत्ते खूप वरचे असतात. कोणी तुकडा मोठा केला असता तर तो जुना बिल्डही त्याच दिवशी पडला असता. आता बहुतेक डिस्ट्रोंमध्ये पाय डीफॉल्ट आहे, हीप ५५ किंवा ५६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जातं, आणि झाकलेलं सगळं उघडं पडतं.

अजून एक बारीक गोष्ट, कारण यात लोक फसतात. साध्या मॅलॉकला हेडर नसला तरी जीसीसीवर तो बऱ्याचदा नीट चालतो, कारण मॅलॉक हे त्याचं ओळखीचं बिल्टइन फंक्शन आहे आणि त्याचा खरा टाइप त्याला माहीत असतो. त्यामुळे छोटा टेस्ट प्रोग्रॅम लिहून बघितला तर सगळं ठीक दिसतं. पूल_अ‍ॅलॉक हे तुमचं स्वतःचं, त्याच्याबद्दल त्याला काहीही माहीत नाही.

तर काम असं करा. एक मेम.एच हेडर, त्यात सगळ्या पूल फंक्शनांचे पूर्ण प्रोटोटाइप, आणि तो मेम.सी मध्येही इन्क्लूड करा म्हणजे डिक्लरेशन आणि डेफिनिशन जुळतंय का हे कंपाइलरच तपासेल. पूर्ण म्हणजे आर्ग्युमेंटसकट, रिकामे कंस ठेवू नका. रिकाम्या कंसाने रिटर्न टाइप सुधारतो पण आर्ग्युमेंट तपासली जात नाहीत. फंक्शन साइज_टी मागतंय आणि कोणी इंट पाठवला तर ६४ बिटवर रजिस्टरच्या वरच्या अर्ध्या भागात काहीही असू शकतं, आणि मग एखादवेळी २० बाइटची मागणी कित्येक जीबीची होऊन जाते. हा प्रकार रोज घडत नाही, म्हणूनच तो शोधायला फार त्रास देतो.

लिंकरचं सोपं आहे. हेडरमध्ये पूल_डीबग नुसतं इंट म्हणून लिहिलं असणार. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, -एफनो-कॉमन डीफॉल्ट झालं, त्यामुळे असे डुप्लिकेट आता एकत्र होत नाहीत. हेडरमध्ये एक्स्टर्न लावा आणि एका सी फाइलमध्ये खरं डेफिनिशन ठेवा, झालं.

घाईत_बिल्ड

वरचं सगळं बरोबर आहे पण रिलीज डोक्यावर असेल तर -एसटीडी=जीएनयू८९ आणि -एफकॉमन लावा, पाय बंद करायला -नो-पाय द्या, जुना बिल्ड जसा चालत होता तसाच चालेल. मी असे दोन-तीन प्रोजेक्ट असेच चालू ठेवलेत. सगळ्यांकडे सगळं हेडर नव्याने लिहायला वेळ नसतो हो, आणि चालणारा कोड हात लावून बिघडवण्यापेक्षा हे बरं.

लिंकरशेजारी

वेळेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण यांच्या बाबतीत हा उपाय टिकणारा नाही असं मला मनापासून वाटतं. -नो-पाय लावल्यावर पत्ते खाली येतात एवढंच, पत्ता कापणं चालूच राहतं. उद्या डेटा वाढला, एखादा ब्लॉक एममॅपकडून आला, किंवा हीच लायब्ररी कोणी शेअर्ड लायब्ररी म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लोड केली, की परत तेच, आणि तेव्हा कंपाइलर एक शब्द बोलणार नाही कारण त्याला आपणच गप्प केलेलं असेल. एममॅपच्या पत्त्यांना तर अजून वाईट होतं, खालच्या अर्ध्या भागाचा सगळ्यात वरचा बिट एक असला की साइन एक्स्टेन्शनमुळे वरची बाजू सगळी एफ-एफने भरून निघते.

शिवाय जीएनयू८९ मध्ये इनलाइनचे नियमही जुने लागू होतात, म्हणजे नवीन लिहिलेली एखादी फाइल त्याच फ्लॅगखाली वेगळं वागायला लागेल. प्रोटोटाइप लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे पण अवघड नाही. एरर येते ती ओळ बघायची, फंक्शन कुठे आहे ते शोधायचं, त्याची पहिली ओळ उचलून हेडरमध्ये टाकायची. एवढ्या मोठ्या यादीतल्या बहुतेक एरर मोजक्या दहा-बारा फंक्शनांच्याच असतात, ती हेडरमध्ये गेली की यादी एकदम बसते.

जुना_सीवाला

दोघांचेही आभार. हेडर केला, प्रोटोटाइप टाकले, आणि खरंच एररची यादी बघता बघता खाली आली. सीएलटीक्यू पण बघितली आणि प्रोटोटाइपनंतर ती गेलेलीही बघितली, हे डोळ्यांनी बघितल्यावर टीममधल्या मित्रालाही पटलं. टाइप न जुळणाऱ्या पॉइंटरमध्ये दोन ठिकाणी खरोखरच चुकीच्या स्ट्रक्टचा पॉइंटर जात होता, ते कास्टखाली कायमचं गाडलं गेलं असतं.

आता पुढचा प्रश्न. -ओ० ने, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, बिल्ड केला तर सगळ्या टेस्ट पास. ऑप्टिमायझेशन चालू करणाऱ्या -ओ२ ने केला की एका रेकॉर्डची कॉपी करताना पडतो. पत्ता या वेळी पूर्ण आहे, ब्लॉक आपल्याच पूलमधला आहे, जीडीबीला तिथली मेमरी वाचताही येते, तरी सेगमेंटेशन फॉल्ट. ज्या इन्स्ट्रक्शनवर थांबतो ती मूव्हॅप्स आहे. स्ट्रक्टमध्ये एक लाँग डबल, काही इंट आणि एक पॉइंटर आहे. पूलमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या आधी चार बाइटचा साइज लिहिलेला असतो आणि मागणी चारच्या पटीत वर नेली जाते. कंपाइलरचा बग असू शकतो का?

सोळाबाइट

कंपाइलरचा बग नाही, पूलचं अलाइनमेंट, म्हणजे पत्ता किती बाइटच्या पटीत हवा ते, चुकतंय, आणि तुम्ही शेवटच्या दोन वाक्यात ते स्वतःच सांगितलंय.

हा पूल ज्याने लिहिला त्याने त्याच्या काळात बरोबरच लिहिला होता. ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर लाँग डबल १२ बाइटचा आणि त्याचं अलाइनमेंट ४, स्ट्रक्टमधल्या साध्या डबलचंही ४, पॉइंटरचं ४. म्हणजे चारच्या पटीत दिलेला ब्लॉक कशालाही चालत होता. ६४ बिटवर लाँग डबल १६ बाइटचा झाला आणि अलाइनमेंटही १६, पॉइंटर आणि डबलचं ८. पूल मात्र चारवरच राहिला.

हिशोब मांडून बघा. मॅलॉक तुम्हाला तुकडा देतो तो जीलिबसीवर ६४ बिटला १६ च्या पटीतला असतो. समजा तो ००० ला सुरू होतो. पहिले चार बाइट साइजसाठी गेले, वापरणाऱ्याला पत्ता मिळाला ००४. हा १६ च्या पटीत नाही, ८ च्याही नाही. कंपाइलरला मात्र टाइप बघून खात्री आहे की या स्ट्रक्टचा पॉइंटर १६ च्या पटीतच असणार, तसं नसेल तर तो तुमच्या बाजूने नियमभंग आहे, म्हणून तो एका झटक्यात १६ बाइट हलवणारी अलाइन्ड इन्स्ट्रक्शन वापरतो. मूव्हॅप्सला १६ च्या पटीतला पत्ता मिळाला नाही की प्रोसेसरच अडवतो आणि लिनक्स त्याचा सेगमेंटेशन फॉल्ट करून देतो. मेमरी आपलीच असूनही फॉल्ट येतो तो यामुळे. -ओ० मध्ये तीच कॉपी आठ-आठ बाइटच्या साध्या मूव्हने होते आणि त्यांना अलाइनमेंटशी देणंघेणं नसतं, म्हणून तिथे लपून राहतं. जीसीसी १२ पासून तर -ओ२ मध्येच व्हेक्टरायझेशन चालू झालंय, त्यामुळे पूर्वी -ओ३ ला निघणाऱ्या असल्या गोष्टी आता एक पायरी आधी निघतात.

दुरुस्ती करताना दोन्ही टोकं धरा. नुसती मागणी १६ च्या पटीत नेऊन भागणार नाही, ब्लॉकच्या आधीच्या साइजच्या हेडरची जागाही १६ ची करावी लागेल, नाहीतर प्रत्येक ब्लॉकमागे पत्ता चारने सरकत जाईल आणि बहुतेक ब्लॉक १६ च्या पटीत येणारच नाहीत. आणि १६ हा आकडा हाताने लिहू नका. सी११ मध्ये एसटीडीडेफ.एच मध्ये मॅक्स_अलाइन_टी आहे, त्याचं अलाइनमेंट घ्या आणि सगळं त्याच्याच पटीत वर न्या. छोट्या ब्लॉकला जास्त जागा जाईल हे खरं, पण आज ती बचत करण्यासारखी राहिलेली नाही. साइज चार बाइटच्या इंटमध्ये ठेवलाय तोही साइज_टी करून टाका, हेडर १६ चा झाल्यावर जागा आहेच.

तेवढ्यात फ्री लिस्टही बघा. अशा पूलमध्ये मोकळ्या झालेल्या ब्लॉकच्या आतच पुढच्या मोकळ्या ब्लॉकचा पॉइंटर लिहितात. तो पॉइंटर एका टाइपने लिहिला आणि दुसऱ्या टाइपने वाचला, म्हणजे उदाहरणार्थ लाँग म्हणून लिहून स्ट्रक्ट पॉइंटर म्हणून वाचला, तर स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम मोडतो, आणि -ओ२ ला तो नियम चालू असतो. कंपाइलर मग लिहिणं आणि वाचणं यांचा क्रम बदलायला मोकळा. नीट दुरुस्ती म्हणजे लिंकसाठी एकच स्ट्रक्ट ठेवणं आणि बाइट इकडून तिकडे न्यायचे असतील तिथे मेमकॉपी वापरणं, कंपाइलर त्याची एकच मूव्ह करतो, वेग जात नाही. ते होईपर्यंत फक्त मेम.सी ला -एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग लावून ठेवा. लिनक्स कर्नलसुद्धा हा फ्लॅग लावूनच बिल्ड होतो, त्यामुळे यात कमीपणा काही नाही, फक्त कुठे आणि का लावला ते बिल्ड फाइलमध्ये लिहून ठेवा.

आणि पूलमध्ये ब्लॉक सरकवून जागा सलग करणारं फंक्शन असेल तर तिथे मेमकॉपी आहे की एकमेकांवर चढलेले भागही नीट हलवणारं मेममूव्ह ते आजच बघा. जुन्या लायब्रऱ्यांमध्ये मेमकॉपी पुढून मागे क्रमाने कॉपी करायची म्हणून एकमेकांवर चढलेले भाग चालून जायचे. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला होता तो याच कारणाने, जीलिबसीने मेमकॉपी वेगवान करताना कॉपीची दिशा बदलली आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या भागांसाठी मेमकॉपी वापरत होता.

पॉइंटरपुराण

अलाइनमेंटचं उत्तर फार छान दिलंय. मी टूल्सबद्दल थोडं लिहितो, कारण स्वतःचा पूल असला की टूल्स आंधळी होतात आणि हे कोणी आधी सांगत नाही.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं टूल, जीसीसी ४.८ पासून आहे, बहुतेक जण तो लावतात, काही सापडलं नाही की कोड स्वच्छ आहे असं समजतात. पण तो मॅलॉक आणि फ्रीवर लक्ष ठेवतो. तुमच्या पूलने ६४ केबी एकदाच घेतले, त्याच्या दृष्टीने तो सगळा एकच जिवंत ब्लॉक. आत एका रेकॉर्डने शेजारच्या रेकॉर्डवर लिहिलं, पूल_फ्री केलेला ब्लॉक परत वापरला, यातलं त्याला काहीही दिसत नाही. व्हॅलग्राइंड या तशाच दुसऱ्या टूलचंही तेच.

म्हणून पहिल्यांदा एक बिल्ड स्विच करा. तो चालू असला की पूल_अ‍ॅलॉक सरळ मॅलॉकला फोन लावेल, पूल_फ्री सरळ फ्रीला, पूल मधे येणारच नाही. या बिल्डवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून सगळ्या टेस्ट चालवा आणि जे बाहेर येईल ते बघा. पूल एकदम पूर्ण रिकामा करणारं फंक्शन असेल तर या बिल्डमध्ये त्याला घेतलेल्या ब्लॉकची यादी ठेवावी लागेल, तेवढं काम वाढेल, पण ते करण्यासारखं आहे. खरा पूल असलेल्या बिल्डवर मात्र -एफसॅनिटाइझ=अलाइनमेंट लावा, वर सांगितलेला ००४ सारखा पत्ता तो ओळीसकट पकडतो, क्रॅश होण्याची वाट बघावी लागत नाही. नंतर सवड मिळाली तर पूलच्या आतच सॅनिटायझरचे पॉयझन आणि अनपॉयझन मॅक्रो लावा, म्हणजे खऱ्या पूलवरही तो डोळसपणे काम करेल.

पूल_रीअ‍ॅलॉकबद्दल वेगळं सांगतो कारण माझा अनुभव असा की अशा कोडमध्ये सगळ्यात खोल दडलेली गोष्ट इथेच असते. जुन्या कोडमध्ये एक पद्धत सर्रास दिसते, रीअ‍ॅलॉक करायचं, मग नवा पॉइंटर वजा जुना पॉइंटर असा फरक काढायचा आणि आतल्या सगळ्या पॉइंटरमध्ये तो मिळवायचा. रीअ‍ॅलॉकने ब्लॉक हलवला की जुना पॉइंटर मेलेला, त्याच्याशी वजाबाकी करणंही स्टँडर्डला मान्य नाही, नुसता डिरेफरन्स केला नाही म्हणून तो सुरक्षित होत नाही. जीसीसी १२ पासून -वॉल लावलं की यावर यूज-आफ्टर-फ्रीची वॉर्निंग येते, ती खोटी समजून बंद करू नका. रीअ‍ॅलॉकच्या आधी प्रत्येक पॉइंटरचा बेसपासूनचा ऑफसेट काढून ठेवा आणि नंतर नव्या बेसवरून परत पॉइंटर बनवा. जमत असेल तर आत पॉइंटर ठेवूच नका, कायम ऑफसेटच ठेवा, तुमचे रेकॉर्ड फाइलमध्ये जातात म्हटल्यावर ते तसंही सोयीचं पडेल.

आणि पूल फंक्शनांची नावं कोणी मॅक्रोने मॅलॉक, कॅलॉक अशी करून ठेवली असतील तर सावध राहा. जीसीसी मॅलॉक आणि लगेच मेमसेट शून्य असं दिसलं की त्याचा कॅलॉक करून टाकतो. तुमचा स्वतःचा कॅलॉक आतून मॅलॉक आणि मेमसेट करत असेल तर ऑप्टिमायझेशननंतर तो स्वतःलाच बोलावत बसतो आणि स्टॅक संपतो. त्या फाइलला -एफनो-बिल्टइन-मॅलॉक द्यावं लागतं. जीलिबसीचे मॅलॉक हुक वापरले असतील तर तेही आता मिळणार नाहीत, २.३४ व्हर्जनमध्ये, २०२१ ला, ते काढून टाकले.

जुना_सीवाला

हेडर १६ चा केला आणि मूव्हॅप्सचा क्रॅश गेला. पूल बाजूला ठेवणारा बिल्ड पण केला आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने लगेच एक जागा दाखवली, रेकॉर्डचं नाव कॉपी करताना शेवटच्या शून्यासाठी जागा मोजलीच नव्हती, एक बाइट पुढे लिहिलं जात होतं. मागणी चारच्या पटीत वर नेल्यामुळे तो बाइट बहुतेकदा रिकाम्या जागेत पडत असणार, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

दोनच गोष्टी राहिल्या. एक, पूल_रीअ‍ॅलॉकला साइज शून्य देऊन ब्लॉक मोकळा करायची पद्धत सगळीकडे वापरली आहे, ती ठेवू का? दोन, पुढे आमच्या मशीनवर जीसीसी १५ येणार आहे, त्यासाठी आत्ताच काही करून ठेवावं का, की तेव्हाचं तेव्हा बघू?

लिंकरशेजारी

पूल_रीअ‍ॅलॉक तुमचं स्वतःचं फंक्शन आहे, शून्याचा अर्थ तुम्ही ठरवाल तो. पण आतून ते शून्य तसंच खऱ्या रीअ‍ॅलॉककडे जात असेल तर ते थांबवा. जीलिबसी शून्याला ब्लॉक मोकळा करून नल देतं, दुसऱ्या काही लायब्रऱ्या छोटा ब्लॉक देतात, आणि सी२३ ने तर हे सरळ अनडिफाइन्ड करून टाकलंय. नल आला म्हणजे मेमरी संपली असं समजून बाहेर पडणारा कोड शेजारीच असेल तर तोही तपासा. सुरुवातीलाच शून्य असेल तर पूल_फ्री करून नल परत द्या आणि हेडरमध्ये एका ओळीत ते लिहून ठेवा.

जीसीसी १५ चं आत्ताच बघा, कारण कोड डोक्यात ताजा आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या त्या व्हर्जनपासून डीफॉल्ट सी२३ झालंय, म्हणजे जीएनयू२३. त्यात रिकाम्या कंसांचा अर्थ बदलला, रिकामे कंस म्हणजे एकही आर्ग्युमेंट नाही. तुमच्याकडे जिथे जिथे असं डिक्लरेशन उरलंय आणि कॉल आर्ग्युमेंटसकट होतो तिथे आर्ग्युमेंट जास्त झाल्याची एरर येईल. कंसाबाहेर खाली टाइप लिहायची ती जुनी के अँड आर पद्धतही सी२३ मध्ये राहिली नाही. आज जीसीसी १४ वरच -डब्ल्यूस्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स आणि -डब्ल्यूओल्ड-स्टाइल-डेफिनिशन लावून बिल्ड करा, उरलेली सगळी यादी समोर येईल.

बुलचंही बघा. अशा कोडमध्ये इंटचा टाइपडेफ करून बुल बनवलेला असतोच, सी२३ मध्ये बुल हा कीवर्ड आहे म्हणून तो टाइपडेफ चालणार नाही. तो नुसता काढून टाकला की कंपाइल होईल, पण इंट चार बाइटचा होता आणि बुल एक बाइटचा आहे, आणि तुम्ही स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये लिहीत असाल तर जुन्या फाइली वाचताना त्याच्या पुढची फील्ड सरकू शकतात. फाइलमध्ये जाणाऱ्या स्ट्रक्टमध्ये बुल, लाँग आणि लाँग डबल ठेवूच नका. बुल आणि लाँगच्या जागी इंट३२_टी सारखे ठराविक साइजचे टाइप वापरा, लाँग डबलसाठी तसा टाइप नाही, तो डबल म्हणून किंवा मजकूर म्हणून लिहा. लाँग डबलचं तर वर बघितलंच, १२ चा १६ झाला, म्हणजे ३२ बिटच्या काळातल्या फाइली तुम्हाला वेगळ्या वाचाव्या लागतीलच.

हे सगळं होईपर्यंत बिल्ड फाइलमध्ये -एसटीडी=जीएनयू१७ स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे मशीनवर कोणी जीसीसी बदलला तरी भाषा तीच राहील. आणि एक जागा हमखास राहते ती म्हणजे कॉलबॅक. पूल रिकामा करताना बोलवायचं फंक्शन स्ट्रक्टमध्ये रिकाम्या कंसांचा फंक्शन पॉइंटर म्हणून ठेवलेलं असतं आणि त्याला कुठे एक, कुठे दोन आर्ग्युमेंट दिलेली असतात. सगळ्यांना एकच सही (कोणती आर्ग्युमेंट, कोणत्या टाइपची) ठरवा, व्हॉइड पॉइंटर आणि साइज_टी, आणि ज्यांना दुसरं नको असेल त्यांनी ते वापरू नये. तिथेही कास्ट करून जुनं फंक्शन बसवू नका, फंक्शनचीच सही बदला.